जांघेतला नायटा: मलम लावूनही परत का येतो?

बाभूळवन (धागाकर्ता):
जांघेत खाज सुटली की सांगायची लाज वाटते. मग माणूस मेडिकलच्या काउंटरवर हळूच 'खाजेची ट्यूब द्या' म्हणतो आणि पंधरा ग्रॅमची ट्यूब खिशात टाकून घरी येतो. चार दिवसांत खाज थांबते, ट्यूब कपाटात जाते. महिन्याभरात चट्टा दुप्पट होऊन पुन्हा हजर. म्हणून हा धागा उपायांची यादी करायला नाही काढलेला, उपाय फसतात कुठे ते नीट मांडायला काढला आहे. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी भर घालावी, चुकलं तर सुधारावं. 'माझं असं झालं होतं' छापाचे अनुभव इथे नकोत.

आधी ओळख. गजकर्ण, नायटा, दाद ही एकाच जातीच्या बुरशीने होणाऱ्या आजाराची नावं. ही बुरशी त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन खाते. चट्टा जांघेच्या घडीत सुरू होतो आणि मांडीच्या आतल्या बाजूला अर्धचंद्रासारखा खाली सरकतो. कडा उचललेली, लालसर, बारीक पुटकुळ्यांची किंवा कोंड्याची असते; मधला भाग तुलनेने शांत, तपकिरी. मागे ढुंगणाच्या फटीपर्यंत आणि वर चड्डीच्या इलास्टिकच्या रेषेपर्यंत तो जातो. आरशात फक्त पुढून पाहणाऱ्याला अर्धा आजार दिसतच नाही, आणि जिथे मलम पोचलं नाही तिथून तो पुन्हा पुढे येतो.

दुसरी गोष्ट पायांची. बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील किंवा पायाचं नख पिवळं, जाड, भुसभुशीत झालं असेल, तर बुरशीचं कोठार तिथे आहे. चड्डी चढवताना पाय त्यातून जातो आणि बुरशी जांघेत पोचते. बेचक्यांवर त्याच वेळी उपचार करायचे आणि ते संपेपर्यंत आधी मोजे, मग चड्डी हा क्रम ठेवायचा.

खलबत्ता:
मी औषधाच्या बाजूने लिहितो. सगळ्यात मोठा घोटाळा त्या 'खाजेच्या ट्यूब'मध्येच आहे.

ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासोल, बेक्लोमेटासोन, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हॅलोबेटासोल यांपैकी एकही नाव असेल तर त्या मलमात स्टेरॉइड आहे. नावाच्या शेवटी 'सोल', 'सोन' किंवा 'लोन' आलं की संशय घ्यायचा. (अपवाद अझोल गटाचा: क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल ही बुरशीचीच औषधं. तिथे शेवट 'झोल' असतो, 'सोल' नाही. हा एका अक्षराचा फरक लक्षात ठेवा.) बाजारातल्या कित्येक मलमांत बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोल अशी तीन-चार द्रव्यं एकत्र कोंबलेली असतात. २०१८ मध्ये लावायच्या १४ स्टेरॉइडांची शेड्यूल एच मध्ये भर पडली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

स्टेरॉइड काय करतं? सूज आणि खाज दाबतं. ती सूज म्हणजे बुरशीशी लढणारी शरीराची फौज. फौज मागे घेतली की लाली जाते, बुरशी मात्र आरामात पसरते. कडा पुसट होते, वर्तुळात वर्तुळं उमटतात, आणि चट्टा ओळखूच येत नाही. जांघेची त्वचा आधीच पातळ, तिथे महिनोन्महिने क्लोबेटासोल चोळलं की मांडीवर पांढरे-जांभळे ताणाचे पट्टे उमटतात. ते आयुष्यभर जात नाहीत. अंडकोशाच्या पिशवीची त्वचा तर औषध भयंकर शोषते. १९६७ सालच्या मोजणीत, लावलेलं हायड्रोकॉर्टिसोन तिथे हाताच्या पुढच्या भागापेक्षा ४२ पट शोषलं गेलं होतं. पायाच्या तळव्याला चालणारं मलम इथे का चालत नाही, ते या एका आकड्यावरून कळावं.

पाणकणीस:
खलबत्ता, एक महत्त्वाचं राहिलं. बरेच महिने स्टेरॉइडची ट्यूब वापरून ती बंद केली की आठ-दहा दिवस खाज आणि लाली उसळते. डॉक्टरांनी दिलेलं नवं, बिनस्टेरॉइडचं औषध 'उलटलं' असं समजून माणूस जुन्या ट्यूबकडे वळतो आणि त्याच फेऱ्यात अडकतो. हे होणार आहे, हे आधीच सांगितलेलं असलं की माणूस टिकतो. या दिवसांत रात्री लेव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम, फडकं गार पाण्यात बुडवून पिळून दहा-दहा मिनिटं ठेवणं आणि बुरशीचं औषध चालूच ठेवणं. गाडी चालवणाऱ्यांनी ती गोळी रात्रीच घ्यावी, काहींना सकाळपर्यंत गुंगी राहते.

'एका इंजेक्शनात खाज बंद' म्हणतात, तेही बहुतेक वेळा स्टेरॉइडच असतं.

काचपट्टी:
जांघेतली प्रत्येक खाज नायटा नसते. ओळख चुकली तर उत्तम औषधही वाया जातं.

कॅन्डिडा ही वेगळी, यीस्ट जातीची बुरशी. घडी लालभडक, ओलसर, सोललेली दिसते. कडेला तुटक तुटक बारीक पुटकुळ्यांचे ठिपके असतात. अंडकोशाची पिशवीही लाल होते. खाजेपेक्षा जळजळ जास्त. नायट्यावर वापरलं जाणारं टर्बिनाफिन इथे कमी पडतं, क्लोट्रिमॅझोल चालतं. उलट निस्टॅटिन फक्त कॅन्डिडाला लागू पडतं, नायट्याला अजिबात नाही.

एरिथ्राझ्मा तर बुरशीच नव्हे, जीवाणू आहे. एकसारखा तपकिरी, सपाट, बारीक सुरकुतलेला डाग, उचललेली कडा नाही, खाज जेमतेम. वुड्स लॅम्पखाली (त्वचा तपासायचा अतिनील दिवा) तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. क्लिंडामायसिन किंवा एरिथ्रोमायसिन लावून जातो.

घडीतला सोरायसिस गुळगुळीत, चकचकीत लाल आणि ठळक सीमेचा असतो, कोंडा जवळपास नसतो. अशा वेळी टाळू, कोपरं, नखं पाहावीत. आणि खरूज: रात्री खाज वाढते, लिंगावर व अंडकोशावर टणक गाठी, बोटांच्या बेचक्यांत पुरळ, घरातली इतर माणसंही खाजवतायत. तिथे नायट्याचं मलम निरुपयोगी. खरजेचं मलम पर्मेथ्रिन ५ टक्के मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, ८ ते १२ तासांनी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा एकदा.

न दुखणारा व्रण किंवा पाण्याने भरलेल्या फोडांचा पुंजका दिसला तर ती बुरशी नाही. गुप्तरोगाची तपासणी करून घ्यायची.

शंका असेल तर केओएच तपासणी करावी. सोपी आणि स्वस्त आहे. चट्ट्याच्या उचललेल्या कडेवरचा कोंडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात, वर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब, दहा-वीस मिनिटं थांबून सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले, आडव्या पडद्यांचे तंतू शोधतात. नमुना मधल्या भागातून घेतला की हाती काही लागत नाही, कारण बुरशी कडेवर जगते. त्या दिवशी सकाळी मलम लावून येऊ नका. शक्य असेल तर आठवडाभर आधी मलम बंद असावं. कल्चरला (नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखणं) मात्र चार आठवडेही लागू शकतात.

बाभूळवन:
काचपट्टी, आभार. 'नायटा अंडकोशाला सोडतो' असं जुन्या पुस्तकांत ठामपणे लिहिलेलं असतं. ती खूण अजून धरायची का?

काचपट्टी:
धरा, पण तिच्यावर विसंबू नका. गेल्या काही वर्षांत भारतात नायट्याचं रूप बदललं आहे. लिंग आणि अंडकोशावरही चट्टे दिसतात, विशेषतः स्टेरॉइड लावलेल्यांत. या साथीमागची बुरशी मुख्यतः ट्रायकोफायटन इंडोटिनी. हे नाव तिला २०२० मध्ये मिळालं. त्याआधी ती ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटिस या बुरशीच्या गटात मोजली जायची. तिच्या बऱ्याच वाणांत स्क्वालीन इपॉक्सिडेज या एन्झाइमच्या जनुकात बदल झालेला असतो. टर्बिनाफिन नेमकं तिथेच घाव घालतं, त्यामुळे तो घाव चुकतो.

साताघरचा:
भारताबाहेर राहणाऱ्यांसाठी. हीच बुरशी माणसांबरोबर प्रवास करते. अमेरिकेत २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने प्रसिद्ध केली. तिथे दुकानात टर्बिनाफिनचं मलम सहज मिळतं आणि बरेच डॉक्टरही त्यानेच सुरुवात करतात. दोन-तीन आठवड्यांत कडा जराही मागे हटली नाही तर 'मी अलीकडे भारतात जाऊन आलो, घरात आणखी कुणाला असेच चट्टे आहेत' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या कल्चरमध्ये ही बुरशी दुसऱ्याच नावाने नोंदली जाऊ शकते. नक्की ओळख जनुकीय तपासणीतूनच पटते.

खलबत्ता:
आता मात्रा. मलम कमी लावणं हे फसण्याचं दुसरं मोठं कारण.

तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढा. मोठ्या पुरुषात ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही जांघा, मांडीचा आतला भाग आणि भोवतीची निरोगी दिसणारी दोन सेंटिमीटर पट्टी धरली तर चार तळहात सहज होतात. म्हणजे एका वेळी एक ग्रॅम, दिवसाला दोन, चार आठवड्यांना ५६ ग्रॅम. तीस ग्रॅमच्या दोन ट्यूब! पंधरा ग्रॅमची एक ट्यूब महिनाभर पुरली असेल तर औषध लागलेलंच नाही, असं समजा.

लक्षात ठेवायला 'दोनचा नियम' आहे: कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटर, दिवसातून दोनदा, आणि चट्टा पूर्ण गेल्यावरही आणखी दोन आठवडे. ल्युलिकोनॅझोल १ टक्का दिवसातून एकदाच पुरतं. क्लोट्रिमॅझोल १ टक्का दोनदा लागतं. लावताना बाहेरून आत या, आतून बाहेर जाऊ नका, नाहीतर बोटाबरोबर बुरशी निरोगी त्वचेवर जाते. अंघोळीनंतर जागा टिपून दहा मिनिटं वाऱ्यावर कोरडी होऊ द्या, मग मलम. ओल्या घडीत लावलेलं मलम घामाबरोबर चड्डीला लागतं. शेवटी हात साबणाने धुवा.

पाणकणीस:
निव्वळ मलमावर कोण बरा होतो? पहिल्यांदाच झालंय, चट्टे लहान आहेत, स्टेरॉइड लावलेलं नाही, असा माणूस. बाकीच्यांना पोटातून औषध लागतं आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. तरी घेताना काय चुकतं ते माहीत असावं.

इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल (बहुधा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा २०० एकदा) भरल्या पोटी, जेवणानंतर लगेच घ्यायची. तिला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्यांत ती नीट शोषली जात नाही, आणि मग 'औषध लागू पडत नाही' अशी तक्रार होते. अँटासिड घ्यायचंच असेल तर दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. ६५ मिलिग्रॅमच्या नव्या प्रकारच्या कॅप्सूल साध्या १०० च्या जागी चालतात आणि आम्लावर कमी अवलंबून असतात. मिलिग्रॅम कमी दिसतात म्हणून मनाने दोन घेऊ नका.

हृदय कमजोर असणाऱ्यांनी इट्राकोनॅझोल घेऊ नये. पाय सुजले किंवा धाप लागली तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर हे दोन्ही एकत्र चालत नाहीत, स्नायूंची नासाडी होऊ शकते. अटोर्व्हास्टॅटिन, वॉरफेरिन, झोपेची अल्प्राझोलाम, हृदयाच्या ठोक्यांची औषधं, जे काही चालू असेल त्याची यादी चिठ्ठी लिहिण्यापूर्वीच समोर ठेवा.

टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. बुरशीचा प्रतिकार वाढला म्हणून ते टाकाऊ ठरलं, असं मी म्हणणार नाही.

काचपट्टी:
इथे थोडा मतभेद. आधी स्टेरॉइड लावलेल्या, पसरलेल्या, घरात चार जणांना झालेल्या नायट्याला टर्बिनाफिनने सुरुवात करणं म्हणजे महिना घालवणं. पहिल्या, मर्यादित चट्ट्याला चालेल.

पाणकणीस:
मर्यादित चट्ट्यापुरतं तुमचं-माझं एकच. पसरलेल्या चट्ट्यांत मीही इट्राकोनॅझोलच्याच बाजूने. दोन्हींत लिव्हरची तपासणी (एसजीपीटी) आधी आणि लांबलेल्या उपचारात मध्ये एकदा करावी; दारू बंद. कालावधी आता चार ते आठ आठवडे धरायचा, क्वचित त्याहून जास्त. दोन आठवड्यांची चिठ्ठी संपली की आजार संपला असं नाही. आणि पोटातून किटोकोनॅझोल कुणी सुचवलं तर नको म्हणा. लिव्हरला ते घातक आहे आणि याहून सुरक्षित औषधं हाताशी आहेत.

मधुमेहवही:
लिंगाच्या टोकावरची बुरशी वेगळी लिहायला हवी, कारण तिथे साखरेचा संबंध थेट असतो.

पुढची कातडी लाल, तिच्या कडेला उभ्या बारीक चिरा, मागे सरकवताना आग होणं, आतल्या बाजूला पांढरट दह्यासारखा थर: हा बहुधा कॅन्डिडा. असं पहिल्यांदा झालं तरी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या. मधुमेहाचं निदान कित्येकदा इथूनच होतं. मधुमेह आधीच माहीत असेल तर गोळ्या पाहा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. ती साखर कातडीखाली राहिली की बुरशीला रोजची मेजवानी. औषध हृदयाला आणि मूत्रपिंडाला उपयोगी असतं, त्यामुळे मनाने बंद करू नका. प्रत्येक लघवीनंतर टोक पाण्याने धुऊन टिपलं तर बराच फरक पडतो. तरीही वारंवार होत असेल तर गोळी बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

उपचार: कातडी हलकेच मागे घेऊन साध्या कोमट पाण्याने धुवा, साबण नको, टिपा, क्लोट्रिमॅझोल १ टक्का पातळसं, दिवसातून दोनदा, ७ ते १४ दिवस. मग कातडी आठवणीने पुढे आणा. त्रास जास्त असेल तर डॉक्टर फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक मात्रा देतात. पत्नीला अंगावरून पांढरं जात असेल, खाज असेल तर तिचा उपचार त्याच वेळी. बरं होईपर्यंत संबंध टाळावेत. तेलकट मलमांनी निरोधचं रबर कमजोर होतं हेही ध्यानात ठेवा.

दोन गोष्टींत वाट पाहायची नाही. कातडी मागे अडकून टोक सुजलं आणि ती पुढे येईना, तर त्याच तासाला दवाखाना. आणि मधुमेह्याला अंडकोश किंवा गुदद्वाराजवळ अचानक तीव्र वेदना, सूज, ताप, दुर्गंधी, काळपट डाग असं काही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयात जा. हा आजार बुरशीचा नसतो. तिथे तासातासाने मांस सडत जातं.

बाभूळवन:
कपड्यांबद्दल माझ्याकडून. कोकणात आणि मुंबईत पावसाचे चार महिने कपडे वाळतच नाहीत, आणि दमट चड्डी तशीच चढवली जाते. चड्ड्या सुती, सैल, निदान सहा हव्यात, म्हणजे रोज दोन बदलता येतात. घट्ट जीन्स उपचार संपेपर्यंत बाजूला. चड्डी, टॉवेल, लुंगी, पंचा घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळे भिजवा: ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास, मग धुणं, उलटे करून उन्हात. ऊन नसेल तर इलास्टिक सोडून शिवणींवर कडक इस्त्री, कारण बुरशी शिवणीतच लपते. टॉवेल कुणाशीही वाटून घ्यायचा नाही. चादर आठवड्यातून दोनदा बदला.

आणखी एक, जे बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही: कमरेचा करगोटा. काळा दोरा वर्षानुवर्षं घाम पितो आणि त्याच्या रेषेवरच नायटा फिरत राहतो. उपचार संपेपर्यंत तो काढलेला बरा. श्रद्धेमुळे काढता येत नसेल तर नवा बांधून दर आठवड्याला बदला, किंवा चांदीचा घालून रोज पुसून कोरडा करा. मनगटावरचे दोरे, ताईत यांनाही हेच.

तालमीतला लंगोट घामाने ओला तसाच पिशवीत ठेवून दुसऱ्या दिवशी बांधणं तर सोडूनच द्यायला हवं.

ओवीकार:
पावडर लावावी का? आणि टाकळ्याचं बी, लिंबू, लसूण हे घरगुती उपाय?

खलबत्ता:
पावडर हा उपचार नाही. क्लोट्रिमॅझोलची पावडर चट्टा गेल्यावर, पुन्हा होऊ नये म्हणून, कोरड्या घडीत हलकी शिंपडायला ठीक. मलमावर लगेच टाकली तर चिखल होतो आणि घडीत घासतो. मक्याच्या पिठाच्या पावडरी टाळा.

लिंबू, लसूण, रॉकेल, न मिसळलेलं डेटॉल, सॅलिसिलिक आम्लाची 'दादची' लोशनं: हे सगळं जांघेत कातडी भाजतं. बेंझोइक ६ टक्के आणि सॅलिसिलिक ३ टक्के असलेलं जुनं व्हिटफिल्डचं मलम तळपायाला चांगलं, जांघेला नाही. टाकळा आणि दादमर्दनाच्या पाल्यात बुरशीविरोधी गुण आहेत, पण वाटून लावलेल्या पाल्यात द्रव्य किती ते ठरलेलं नसतं, आणि अंडकोशावर तो सहज उततो. भाजलेल्या कातडीवर नंतर साधं क्लोट्रिमॅझोलही आग करतं.

ओवीकार:
चट्टा बरा झाला, पण काळा डाग तसाच आहे. मलम चालू ठेवायचं का?

काचपट्टी:
बोट फिरवून पाहा. कडा उचललेली लागत नाही, कोंडा नाही, खाज नाही, तर बुरशी गेली आहे. राहिलेला काळेपणा रंगद्रव्याचा आहे, तो काही महिन्यांत आपोआप फिका होतो. दोन आठवड्यांचं जादा मलम पूर्ण करा आणि थांबा. गोरं करणाऱ्या क्रीमच्या नादी लागू नका, त्यांतल्या कित्येकांत पुन्हा तेच स्टेरॉइड असतं.

पण कडेचा एखादा इंच जरी खरखरीत लागला तर तो भाग जिवंत आहे. केओएच तिथूनच करून घ्या. आणि त्याच आठवड्यात घरातल्यांचेही काखा, कंबर, पाय पाहा. एकाचा उपचार चालू आणि दुसऱ्याच्या कमरेवर तोच चट्टा, असं असेल तर सगळ्यांचं औषध एकाच दिवशी सुरू करा.